मिस्त्रीची रिकामी खुर्ची

लिफ्ट बंद पडली की लोकांना मिस्त्री आठवतो, आणि चालू झाली की त्याला साधं पाणी विचारायचंही कुणाला आठवत नाही. आपल्या या मिस्त्रीची त्याबद्दल तक्रार नव्हती. दिवसभर तो कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, नाहीतर लिफ्टखालच्या खड्ड्यात. हाताला ग्रीस आणि बोलायला कुणी नाही. बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून विमानात बसली, ती नात घरभर धावायला लागली तरी परतली नव्हती. "अहो, पोरीची नोकरी आहे, बाळाकडे कोण बघणार?" असं ती फोनवर म्हणायची. खरंच होतं ते. पण खरं असलं म्हणून घर खायला उठायचं थोडंच थांबतं?

तर या माणसाचा जीव जिथे रमायचा ती एकच जागा होती, कोपऱ्यावरचं सलून. आरशाच्या वर टीव्ही, टीव्हीवर बास्केटबॉल, आणि समोर भिंतीला लागून चार खुर्च्या. सलूनवाला, शेजारचा बेकरीवाला, रिटायर झालेले पोस्टमनकाका आणि मिस्त्री, अशी ही चौकडी. शहराच्या हिरव्या टीमचा सामना असला की सलूनवाला वस्तऱ्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बसलेलं असलं तरी बसून राहायचं, बिचारं करणार काय! मिस्त्रीची खुर्ची दाराजवळची. तिचा एक पाय आखूड होता, त्याखाली त्याने स्वतः रबराचा तुकडा बसवला होता.

त्या वर्षी हिरवी टीम कित्येक वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचली आणि तिथेच माशी शिंकली. पहिला सामना चौघांनी मिळून पाहिला, टीम हरली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री एका इस्पितळाच्या लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सोडवत होता, टीम जिंकली. तिसऱ्या सामन्याला तो धावतपळत उशिरा पोचला. टीम चांगली पुढे होती. हा खुर्चीत टेकला, आणि तिथून पुढे एकही बास्केट पडेना! बघता बघता सामना हातचा गेला.

बेकरीवाला वळून मिस्त्रीच्या पायांकडे बघायला लागला.

"पायगुण बघ हं याचा," तो म्हणाला.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," मिस्त्री हसत म्हणाला. "बरं बाबा, उद्या मी येतच नाही. मग तर झालं?"

आता कुणालाही कळेल, माणूस हे कशासाठी बोलतो. कुणीतरी म्हणावं, 'अरे, असं काय, तुझ्याशिवाय काय मजा!' एवढीच त्याची अपेक्षा. पण पोस्टमनकाकांनी चष्मा पुसला आणि ते गंभीरपणे म्हणाले, "एक सामना करून बघायला काय हरकत आहे? राग मानू नकोस."

"छे, राग कसला," मिस्त्री म्हणाला.

तो गेला नाही, आणि टीम जिंकली. परत गेला नाही, परत जिंकली! मग काय विचारता, शास्त्रच झालं त्याचं. सलूनवाल्याने मिस्त्रीच्या खुर्चीवर हिरवा टॉवेल अंथरला आणि फर्मान काढलं की प्लेऑफ संपेपर्यंत ही खुर्ची हलवायची नाही आणि हिच्यावर कुणी बसायचंही नाही. सामना नसतानाही मिस्त्रीने सलूनची पायरी चढायची नाही, उगाच विषाची परीक्षा कशाला? रस्त्यात भेटले की तिघंही त्याच्या पाठीवर थाप मारत. "तुझ्यामुळे जिंकतोय रे आपण!" ही म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशातली गत. कौतुक तर चाललंय, आणि दार बंद.

संध्याकाळी तो घरी टीव्हीसमोर बसायचा, पण टीव्ही लावायचा नाही. न जाणो, त्याच्या बघण्यातच दोष असला तर? हा खुळेपणा आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण टीमवर त्याचाही जीव होताच की. फ्रिज घरघरायचा, खालच्या मजल्यावरून मधूनच आरडाओरडा यायचा, आणि हा भिंतीकडे बघत भाकरतुकडा मोडायचा. केस कानांवर आले, दाढी रानासारखी माजली. दुसऱ्या कुणाकडून कापून घेणं म्हणजे सलूनवाल्याशी बेइमानी, ते त्याच्याच्याने होईना. बायको चेहरा दाखवा म्हणाली, तर कॅमेरा बिघडलाय म्हणून त्याने ठोकून दिलं.

"मॅचला जाताय ना सलूनात?" तिने विचारलं.

"जातो म्हणजे काय! माझ्यावाचून पान हलत नाही त्यांचं."

टीम फायनलला पोचली. शहर हिरवं झालं, बसचे ड्रायव्हर हिरव्या टोप्या घालून फिरायला लागले. फायनल म्हणजे एक सामना नव्हे, मालिकाच; तिच्या शेवटून दुसऱ्या सामन्याला मात्र मिस्त्रीला राहवेना. सलूनसमोरच्या इमारतीची लिफ्ट तपासायच्या निमित्ताने तो जिन्यात गेला आणि खिडकीतून हळूच डोकावला. काचेपलीकडे तिघांची डोकी, दाराजवळ टॉवेल पांघरलेली त्याची खुर्ची, आणि वर टीव्हीत टीमचा सगळ्यात उंच गडी, ज्याला अख्खं शहर उंट म्हणायचं, तो फ्री थ्रो टाकायला उभा. उंटाने चेंडू टाकला. चुकला. दुसरा टाकला, तोही रिंगवर आपटून बाहेर! मिस्त्री चोरासारखा जिना उतरून पळाला. टीम दोन गुणांनी हरली, आणि ती आपणच हरवली याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

आता सगळं एका सामन्यावर येऊन ठेपलं. त्या रविवारी दुपारी मिस्त्रीने फोन बंद केला आणि त्याच्या देखभालीतल्या सगळ्यात उंच इमारतीवर जाऊन मशीनरूमचं दार आतून लावून घेतलं. इथून काही दिसायचं म्हटलं तरी दिसणार नव्हतं. पण ज्याचा जन्म लिफ्टमध्ये गेला त्याला लिफ्ट गप्प बसू देते का? मोटार थांबून राहिली, म्हणजे सामना सुरू झाला, सगळे आपापल्या घरात. बऱ्याच वेळाने ती घरघरली, दोरखंड वरखाली पळाले, म्हणजे मध्यंतर. मग परत शांत. कुणी घराबाहेर पडत नाही, म्हणजे सामना अटीतटीचा. एकतर्फी असता तर लोक कंटाळून खाली उतरले असते. मिस्त्रीचा जीव टांगणीला लागला. ग्रीसच्या डब्यावर बसून तो नुसता त्या थांबलेल्या चाकाकडे बघत राहिला. आपण जिंकलो तर ही साडेसाती संपेल, खुर्ची परत मिळेल. देवा, जिंकू दे. एवढीच त्याची मागणी.

आणि खालून आवाज उठला. आधी एका गॅलरीतून, मग अख्ख्या शहरातून! हॉर्न, थाळ्या, शिट्ट्या. जिंकलो! मिस्त्री त्या एवढ्याशा खोलीत एकटाच उड्या मारायला लागला. मिठी मारायला कुणी नव्हतं, म्हणून मोटारीच्या गार कव्हरवरच त्याने दोन थापा मारल्या.

लिफ्टची वाट न बघता तो जिन्याने धावत सुटला. सलूनात पोचला तेव्हा बेकरीवाला केक कापत होता. तिघांनी त्याला कवटाळलं. पोस्टमनकाका तर रडतच होते.

"सगळं श्रेय तुझं!" सलूनवाला ओरडला.

दम लागलेला मिस्त्री आपल्या खुर्चीकडे वळला आणि बसायला वाकला.

"अरे, अरे, थांब! तिच्यावर नको!"

"का? संपलं ना आता?"

"संपलं कसं? पुढचं वर्ष आहे की! ही खुर्ची लाभलीय आपल्याला. आता ही रिकामीच ठेवायची, कायमची. आणि तू पुढच्या वर्षीही असाच लांब राहा, राजा!"

तिघंही हसले. मिस्त्रीही हसला. केकची बशी हातात घेऊन तो दाराशी उभा राहिला. तेवढ्यात त्याला फोनची आठवण झाली. चालू केला, तर लगेच बायकोचा व्हिडिओ कॉल. बिघडलेल्या कॅमेऱ्याचं विसरून त्याने तो घेतला.

"जिंकलो हो!" ती ओरडली आणि एकदम थबकली. "अगं बाई, हे काय ध्यान! सलूनात उभे आहात आणि हे केस? आणि उभे का? ती मागची खुर्ची कुणाची?"

"माझी," मिस्त्री म्हणाला.

"मग बसा की."

बेकरीवाल्याने मान खाली घातली. मिस्त्रीने फोनकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं.

"बसतो," तो म्हणाला. "मग करतो गं फोन." आणि फोन खिशात टाकून तो हिरव्या टॉवेलवर सरळ बसला. रबराचा तुकडा तसाच होता, खुर्ची डुगडुगली नाही.

"मिस्त्री, ऊठ रे," सलूनवाला हळू आवाजात म्हणाला.

"नाही उठत. तुम्ही सांगितलंत तितके दिवस लांब राहिलो. भिंतीशी बोलायची वेळ आली माझ्यावर. आता नाही जमायचं." त्याने केकची बशी मांडीवर ठेवली. "पुढच्या वर्षी हरायचं असेल तर हरा. पण माझ्यादेखत हरा."

पोस्टमनकाकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. सलूनवाल्याने त्याच्या त्या वाढलेल्या केसांकडे बघितलं. मग पुढे येऊन त्याने मिस्त्रीच्या अंगाखालून टॉवेल ओढून काढला, झटकला आणि त्याच्या गळ्याभोवती बांधला.

"गेलो आपण कामातून," बेकरीवाला पुटपुटला.

"गप रे," सलूनवाला कात्री शोधत म्हणाला. "मिस्त्री, मान खाली कर."