अर्धं पाऊल मागं

शेवटचं म्हणाल तर आमी दोघांनी ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. म्हणजे मी फोडायच्या अन् सखारामनं खायच्या. "दाणा बारीक हाय औंदा, दाजी," म्हणाला अन् भिंतीला टेकून डोळे मिटले. मी आपला फोडत राहिलो... दाणे साचायला लागले, तेव्हा वर बघितलं.

सखाराम माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. ती लवकर गेली, हा माझ्याजवळ राहिला. आमी बहुरूपी. निजामाच्या राज्यात सोंगं घेऊन गावोगाव दारोदार हिंडलो. मी जमादार व्हायचो, तो माझ्या डाव्या अंगाला उभा ऱ्हाणारा चोर. बोलणं ठरलेलं नसायचं, जागेवर सुचेल ते. मला एकट्यानंच बोलत सुटायची लय खोड. तो म्हणायचा, "तुमचं झालं की अर्धं पाऊल मागं सरा अन् माझ्याकडं बघा. तुमी बघितलं की लोक बघत्यात."

एकदा ताडकळसच्या बाजारात सोंग रंगलं असताना खराखुरा जमादार गर्दीतून आत आला. लोकांना वाटलं, हा तिसरा बहुरूपी. हसायला लागले. त्याचं डोकं फिरलं. सरकारी वर्दीची टिंगल करतो म्हणून त्यानं माझ्यावर काठी उगारली. सखारामला पळता आलं असतं. तो मधी घुसला अन् जमादाराच्या पायाशी बसला.

"सरकार, ह्यो नकली हाय! ह्याला चोर बी धरता येत न्हाई. तुमीच धरा मला!" अन् मला हळूच, "दाजी, मागं."

मी सरलो. सगळा बाजार जमादाराकडं बघायला लागला, अन् त्याला ते आवडलं. मिशीला पीळ देऊन त्यानं सखारामवर काठी चालवली. खरी.

"सरकार, ह्या बाजूची धूळ राहिली की!" सखाराम ओरडत होता अन् लोक पोट धरून हसत होते. मार खरा हाय हे मला एकट्याला कळत होतं. सोंग मोडलं असतं तर दोघंही कोठडीत गेलो असतो. त्याचा डावा खांदा पुन्हा कधी वर गेला न्हाई.

वाटेत मी भांडलो, "मार माझा होता. तू कशाला खाल्लास?"

"तुमची पाळी नव्हती, दाजी."

पाळी कोणी ठरवली? त्याचा राग मला अजून येतो... आता भांडायचं कुणाशी?

त्याला मसणात पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावी सांगायला गेलो. पाटलीणबाई दारात आल्या. "आज कोणतं सोंग?" म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, एक सांगायचं होतं..." अन् अर्धं पाऊल मागं सरून डावीकडं बघितलं.

त्याही हसत हसत तिकडंच बघत राहिल्या.