सेलेदोनियोचं मत तिघांच्या दारी

सांता फेमध्ये खानावळीत बसलं की वाढणारी बाई पाण्याचा पेला ठेवायच्या आधी विचारते, "लाल की हिरवी?" जेवणावर मिरचीचा कोणता रस्सा ओतायचा, एवढाच प्रश्न. इथलं शेंबडं पोरही याचं उत्तर पटकन देतं. सेलेदोनियो ताफोया मात्र सत्तरीला टेकला तरी त्याला ते जमलेलं नव्हतं. तो दर वेळी म्हणायचा, "दोन्ही घाल." इथे त्याला 'ख्रिसमस' म्हणतात आणि मागणारे पुष्कळ असतात, पण ते आवडीने मागतात. सेलेदोनियो भिडेपोटी मागायचा.

"हिरवी मागितली तर लालला काय वाटेल?" असं त्याने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं म्हणे. त्याची बायको फिदेलिया हा प्रसंग प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक मयताच्या जेवणाला, त्याच्यासारखी मान तिरकी करून, त्याच्याच खर्जातल्या आवाजात करून दाखवायची. लोक पोट धरधरून हसायचे. सेलेदोनियोही हसायचा. नाही म्हणणं त्याला तिथेही जमत नसे.

धंदा त्याचा मिरची भाजायचा. ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत टायरवाल्याच्या दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत त्याचा जाळीचा पिंप गरागरा फिरायचा. खाली गॅसच्या ज्वाळा, आत गोणीभर हिरव्या मिरच्या, आणि आवाज असा की विमान डोक्यावर उतरतंय. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून बायकोच्या, गुडघ्याच्या, सरकारच्या तक्रारी सांगत राही. सेलेदोनियोला त्यातलं अक्षर ऐकू येत नसे. तो मान डोलवायचा. चाळीस वर्षं मान डोलवून त्याने गावातला सगळ्यात समजूतदार माणूस असा लौकिक कमावला होता.

आणि तो लौकिकच या नोव्हेंबरात त्याच्या गळ्याशी आला. महापौराची निवडणूक होती, आणि सेलेदोनियोने आपलं मत तिघांना देऊन ठेवलं होतं.

पहिला शब्द दोन हिवाळ्यांपूर्वीचा. जानेवारीत त्यांच्या गल्लीतला पाण्याचा मोठा नळ फुटला आणि पाणी थेट ताफोयांच्या घराकडे धावलं. घर मातीच्या विटांचं. भिंतीच्या पायाशी पाणी तुंबलं तर तिचा चिखलच व्हायचा. पाणी खात्याची प्रमुख बर्निस लुहान उजाडायच्या आत स्वतः आली, रबरी बूट घालून गुडघाभर गारढोण पाण्यात उतरली आणि वाळूची पोती रचत राहिली. जाताना फक्त म्हणाली, "भिंत राहील. आठ दिवस तिला टेकू नका." सेलेदोनियोला भरून आलं. "बाई, तुम्ही कधी कशालाही उभ्या राहिलात तर माझं मत तुमचं," असं म्हणून त्याने हात पुढे केला आणि तिने चिखलाच्या हाताने तो हातात घेतला. ती खरंच उभी राहील असं कुणाला वाटलं होतं?

दुसरा शब्द ओनोफ्रेला, त्याच्या प्रिमोला, म्हणजे चुलतभावाला. ओनोफ्रे दर निवडणुकीला उभा राहायचा आणि दर निवडणुकीला आडवा व्हायचा. उन्हाळ्यात घरच्या जेवणावळीत अख्खं डुक्कर भाजलं होतं. ताट हातात घेऊन तो बाकावर चढला. "प्रिमो! या खेपेला वारं फिरलंय! मला नाकात जाणवतंय!" नाकात त्याच्या डुकराचा धूर जात होता, पण ते सांगणार कोण? "मागच्या वेळी आपल्या घरातलीच निम्मी मतं फुटली, प्रिमो. निदान तू तरी?" एवढं म्हणताना त्याचा आवाज खरंच बसला. सेलेदोनियोने हात दिला.

तिसरा मार्सेलिनो. सेलेदोनियोने त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर धरलं होतं, म्हणून सेलेदोनियो त्याचा पाद्रिनो, म्हणजे धर्मबाप. आता पोरगा वकील होऊन परतला होता आणि बोलायला लागला की छापील कागद वाचतोय असं वाटे. भट्टी ऐन भरात असताना तो आला. "पाद्रिनो, हे शहर आज एका ऐतिहासिक वळणावर उभं आहे." भट्टी घरघरत होती. सेलेदोनियोने मान डोलवली. मार्सेलिनोने त्याचा हात दोन्ही हातांत धरला, बरोबरच्या माणसाने फोटो काढला, आणि आठवड्याने तो फोटो गावभर वाटलेल्या पत्रकावर आला. खाली लिहिलं होतं, 'माझे पाद्रिनो माझ्यासोबत आहेत.'

फिदेलियाने ते पत्रक कणकेच्या हातानेच उचललं.

"तुझ्याकडे मतं किती आहेत रे?"

"एक."

"आणि वाटलीस किती?"

सेलेदोनियो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर अंगणात ओनोफ्रेने येऊन स्वतःच्या हाताने नावाच्या चार पाट्या ठोकल्या होत्या आणि त्यांच्या मधे मधे मार्सेलिनोच्या माणसांनी पाच.

"बघ, बघ," फिदेलिया म्हणाली. "कबरस्तान झालंय आपलं अंगण. आता फक्त तुला पुरायचं राहिलंय."

"बर्निस बाईंनी नाही लावली पाटी."

"तिने तर मागितलंही नाही! तू आपणहून दिलंस. ते तर सगळ्यात वाईट!"

हे त्याला खोलवर लागलं, कारण खरं होतं. हात मिळवल्यावर मागे फिरायचं नाही, हे त्याने बापाकडे पाहत पाहत घेतलं होतं. आजवर त्याने कुणाला फसवलं नव्हतं. सगळ्यांना हो म्हणायचं आणि मग रात्रंदिवस राबून ते हो खरं करायचं, असंच त्याचं आयुष्य गेलं होतं. पण मताला कितीही राबलं तरी ते वाढत नाही.

"मी त्या दिवशी एस्पान्योलाला जातो. बहिणीकडे," तो म्हणाला.

"म्हणजे दोघांऐवजी तिघांनाही टांग. वा!"

मग घरी नमुन्याची मतपत्रिका आली. फिदेलियाने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली. उमेदवार चार: हे तिघं आणि चौथा चित्रांच्या दालनाचा मालक व्हिटेकर, ज्याला प्लाझाच्या, म्हणजे गावच्या मुख्य चौकाच्या, भोवतीचे दुकानदार डोक्यावर घेऊन नाचत होते. प्रत्येक नावापुढे चार गोळे, चार रकान्यांत. पहिली पसंती, दुसरी, तिसरी, चौथी.

"घे! सुटलास की! तिघांना नंबर लाव."

"कुणाला दुसरा म्हणू? ओनोफ्रेला? तो रडेल. पोराला? मी त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलंय. बाईंना? त्या पाण्यात उभ्या होत्या."

"पाण्याचा भलताच नाद तुला," फिदेलिया म्हणाली आणि तिने विषय सोडला. पण त्या संध्याकाळपासून सेलेदोनियो एकदम शांत झाला. शीळ घालू लागला. हे काही बरं लक्षण नाही, असं तिला वाटलं.

मतदानाच्या दिवशी दोघं ट्रकमधून शाळेवर गेली. दारापासून शंभर फुटांवर दोरी लावलेली. तिच्या आत प्रचार करायचा नाही. म्हणून सगळे उमेदवार बरोबर दोरीला चिकटून उभे.

"प्रिमो! रक्ताचं नातं!" ओनोफ्रेने मिठी मारली. त्याच्या अंगाला जिरे घातलेल्या बिस्किटांचा वास येत होता. सकाळपासून डबाभर वाटली होती आणि निम्मी स्वतःच खाल्ली होती.

"पाद्रिनो, आपला विश्वास हीच माझी शिदोरी," मार्सेलिनो म्हणाला.

"अरे पोरा, भट्टी बंद आहे, साधं बोल," फिदेलिया म्हणाली.

"थंडी आहे, पाद्रिनो," मार्सेलिनो एकदम साध्या आवाजात म्हणाला, आणि सेलेदोनियोला तो सहा वर्षांचा दिसला. त्याने पोराचा हात आणखी घट्ट दाबला. म्हणजे दिलेला शब्द आणखी पक्का झाला.

बर्निस लुहान थोडी बाजूला होती. तिने विचारलं, "भिंत कशी आहे?"

"उभी आहे, बाई."

"छान." बस्स. मताचं नावही नाही. सेलेदोनियोला वाटलं, ही मागती तर बरं झालं असतं.

आत शाळेच्या व्यायामशाळेत त्याने आडोशाला उभं राहून आपली ठरवलेली युक्ती केली. पहिल्या रकान्यात ओनोफ्रेचा गोळा काळा केला. पहिल्याच रकान्यात मार्सेलिनोचा. पहिल्याच रकान्यात बर्निसचा. तिघंही पहिले. कुणाचा अपमान नाही. इतकी सोपी गोष्ट निवडणुकीच्या विद्वानांना कशी सुचली नाही, याचं नवल करत त्याने कागद यंत्रात घातला.

यंत्राने कागद गिळला, क्षणभर विचार केला, पीऽऽ असं ओरडलं आणि कागद परत बाहेर काढला.

यंत्राशी ओर्लिंदा होती. चर्चच्या गाण्यात ती वरच्या पट्टीत गाते, आणि तिला खालची पट्टी माहीतच नाही. "सेलेदोनियो!" सगळी व्यायामशाळा वळून बघू लागली. "यंत्र म्हणतंय एकाच रकान्यात जास्त खुणा झाल्यात! मी बघितलं नाही हं! उलटा धर कागद, उलटा! असं दिलंस तर तुझं मत कुणालाच नाही!"

"कुणालाच?" तिघांना द्यायला निघालेला माणूस एकालाही न देता घरी गेला असता.

"नवा कागद देते. पण एका रकान्यात एकच. कळलं?"

"ओर्लिंदा, मला कुणालाच दुसऱ्या नंबरचा म्हणता येत नाही."

ओर्लिंदाने कमरेवर हात ठेवले. "गेल्या सप्टेंबरात मी तुझ्याकडे आले. काय मागितलं?"

"बिग जिम मिरची."

"होती?"

"संपली होती. तू म्हणालीस, मग सँडिया दे. आणि सँडिया नसेल तर जी असेल ती, पण मला गोणीशिवाय घरी पाठवू नकोस."

"मग मी सँडियाचा अपमान केला?"

"छे! केवढ्या आवडीने नेलीस."

"आणि बिग जिमला दिलेला शब्द मोडला?"

"तिला मागितलंच होतं की आधी. तीच नव्हती, त्याला तू काय…" सेलेदोनियो मधेच थांबला. चाळीस वर्षं तो हेच ऐकत आला होता, दिवसातून शंभर वेळा. ही नसेल तर ती. त्यात कधी कुणाला वाईट वाटलं नव्हतं, ना गिऱ्हाईकाला ना मिरचीला.

"पहिला गळला की मत दुसऱ्याकडे जातं," ओर्लिंदा म्हणाली. "तो गळला की तिसऱ्याकडे. आता जा, मागे रांग लागलीय. आणि कुणाला देतोस ते मला सांगू नकोस, मला गुपित ठेवता येत नाही!"

तो पुन्हा आडोशाला गेला. आता डोकं भट्टीसारखं चाललं. पातळ सालीची मिरची आधी करपते. ओनोफ्रे पहिल्याच फेरीत करपणार, हे त्याच्या बायकोलाही माहीत होतं. मार्सेलिनो त्यानंतर; प्लाझाखाली गाड्यांसाठी भुयार खणू असं बोलून बसल्यापासून त्याचं काही खरं नव्हतं. टिकली तर बर्निस टिकेल. आधी जो जाणार तो आधी. म्हणजे एकच मत तिघांच्या दारी जाऊन येईल.

एक ओनोफ्रे. दोन मार्सेलिनो. तीन बर्निस. यंत्राने कागद गिळला आणि गप्प बसलं.

ट्रकमध्ये त्याने फिदेलियाला क्रम सांगितला. ती कौतुकाने बघणार होती, तेवढ्यात थबकली. "आणि बर्निस मार्सेलिनोच्या आधी गळली तर? मग मत तिच्या दारी पोचणार कसं?"

सेलेदोनियोने गाडी रस्त्याकडेला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेऱ्यांचा निकाल रेडिओवर होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो जपमाळ घेऊन बसला. पहिल्या फेरीत ओनोफ्रे गेला, हे कुणालाच सांगावं लागलं नाही. "गेलं माझं मत पोराकडे," सेलेदोनियो पुटपुटला. मग निवेदकाने सांगितलं की दुसऱ्या फेरीत मार्सेलिनो आणि बर्निस यांच्यात थोडाच फरक आहे, आणि लगेच गाद्यांच्या दुकानाची जाहिरात लावली.

"देवा, पाड त्याला," सेलेदोनियो डोळे मिटून म्हणाला.

"कुणाला?"

"पोराला."

"अरे, बाप्तिस्म्याला काय वचन दिलं होतंस पाद्रीसमोर?"

"त्याचं भलं बघीन असं. महापौर करीन असं नव्हतं! देवा, हळूच पाड, पण पाड."

गाद्यांवर सूट होती, उशा फुकट होत्या, आणि अखेर निवेदक परत आला. मार्सेलिनो बाहेर. मतं पुढे वाटली गेली. बर्निस लुहान व्हिटेकरच्या पुढे. थोड्याशाच मतांनी, पण पुढे. महापौर बर्निस लुहान.

सेलेदोनियोने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचं पत्रक उडून खाली पडलं. फिदेलियाने ते उचललं नाही. ती हसत होती, आणि या खेपेला त्याची नक्कल करून नव्हे.

दुपारी ओनोफ्रे पाट्या उपटायला आला. डोळे लाल. "प्रिमो, खरं सांग. दिलंस?"

"पहिलं तुलाच," सेलेदोनियो म्हणाला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. ओनोफ्रेने पाटी खाली टाकून त्याला मिठी मारली. मार्सेलिनोचा फोन आला तेव्हाही तेच. "दिलं रे पोरा. तुझ्याकडे आलं होतं." खोटं एक अक्षर नाही.

शनिवारी दोघं खानावळीत गेली. बर्निस दारात भेटली. लोक तिच्याशी हात मिळवत होते. सेलेदोनियो पुढे झाला. "बाई, माझं मत तुम्हाला पोचलं. वाटेत दोन ठिकाणी थांबलं होतं, म्हणून जरा उशीर झाला."

"पोचलं ना?" ती म्हणाली. "मग झालं. भिंतीला वसंतात एकदा माती लिंपा."

ते बसले. वाढणारी बाई आली आणि सवयीने पाण्याचा पेला ठेवायच्या आधीच लिहू लागली, "लाल की हिरवी… दोन्ही, माहीत आहे."

"थांब," सेलेदोनियो म्हणाला. फिदेलियाने वर बघितलं.

"हिरवी," तो म्हणाला. "संपली असेल तर लाल."