मडिवाळप्पाची फेरी

मन्नाएखेळ्ळीत हायवेला लागून मडिवाळप्पाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वय बासष्ट, पण चौकशीची खोड सहा वर्षांच्या पोराची. नवी वस्तू हाती आली की ती उघडून बघितल्याशिवाय या माणसाला जेवण गोड लागत नाही. त्याचा एक नेम पक्का: स्वतः फेरी मारल्याशिवाय तो कुणाची सायकल परत देत नाही.

शनिवारी सकाळी प्राणेश सर सायकल आणि एक खोकं घेऊन आले. सर गावच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवतात. साखर वाढली म्हणून डॉक्टरांच्या धाकानं चौपन्नाव्या वर्षी सायकल शिकले, त्याला जेमतेम तीन महिने झालेले. खोक्यात लेकीनं, हर्षितानं, बेंगळुरूहून पाठवलेली पेडलं आणि बूट होते.

"बुटाखालची ही पट्टी पेडलमध्ये खट्कन अडकते," सर म्हणाले. "सोडवायची तर टाच बाहेर वळवायची."

"पाय अडकवून घ्यायचा? कामून?"

"जोर वाया जात नाही म्हणे. उद्या ती येतेय, दोघांनी चिटगुप्प्यापर्यंत जायचं म्हणते." सरांचा आवाज उतरला. "अण्णा, खरं सांगू? एकदा पडलो तर मी परत सायकलला हात लावणार नाही. आणि हे नाही वापरलं तर पोरीला वाईट वाटेल. तुम्हीच सांगा, वापरू की नको?"

मडिवाळप्पानं सायकलच्या बाबतीत 'माहीत नाही' असं आजवर म्हटलं नव्हतं. आज मात्र खरंच माहीत नव्हतं.

"बूट कितीचा?"

"आठ."

"माजाबी आठच. द्या हिकडं."

पेडलं बसवून, सरांचे बूट चढवून स्वारी निघाली. पाय वर ओढला तरी चाक फिरतं, याची त्याला भारी गंमत वाटली. परतताना समोरून रेवणसिद्धप्पा आले, गावातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी हात जोडले, "शरणु, मडिवाळप्पा!"

जन्माची सवय. मडिवाळप्पानं ब्रेक दाबला, दोन्ही हात जोडून "शरणु शरणार्थी" म्हटलं आणि पाय टेकायला गेला. पाय कुठला निघतोय! जोडलेल्या हातांनिशी तो म्हाताऱ्याच्या पुढ्यात आडवा झाला.

"अरे, एवढा मोठा नमस्कार कामून घालायलास?" रेवणसिद्धप्पा म्हणाले.

सर धावत आले, चेहरा पांढराफटक. मडिवाळप्पाचं कोपर सोललं होतं, पण तो पडल्या जागीच पेडल निरखत होता. बाजूला एक बारका स्क्रू दिसला. दुकानात येऊन त्यानं तो ढिला केला, खांबाला धरून पंधरा-वीसदा पाय अडकवला, काढला. आता सहज निघत होता.

"म्हणजे मी वापरू?" सरांनी भीतभीत विचारलं.

"वस्तू लई चांगली हाय. पण सर, घरापासून हितवर किती जागी थांबलाव तुमी?"

सरांनी आठवून बघितलं. "अकरा."

"तीस वर्षं शिकवायलाव. निम्मं गाव तुमचं विद्यार्थी. हाक आली की तुमचा पाय टेकणारच. आधी शाळेच्या मैदानात, गवतावर सवय करा. ध्यान न देता पाय निघाय लागला की मग रस्त्यावर. तवर साधी पेडलंच."

"आणि हर्षिताला काय सांगू?"

"माजं कोपर दाखवा."

रविवारी बाप-लेक दुकानावरून गेले. सर साध्या पेडलवर, अपराध्यासारखे. हर्षिता बेंगळुरूहून आणलेल्या स्वतःच्या सायकलवर, तसल्याच अडकवलेल्या बुटांत, पुढे. चहावाल्यानं हाक मारली, सर थांबले. ट्रॅक्टरवाल्यानं मारली, थांबले. बसमधून उतरलेल्या एका बाईनं कडेवरचं लेकरू खाली ठेवून वाकून नमस्कार केला. दर वेळी हर्षिता पुढे निघून जायची आणि मग टाच वळवून, थांबून, मागे बघायची.

अर्ध्या तासात दोघं परत आले. मडिवाळप्पा हातातलं काम टाकून बाहेर आला.

"पडलाव काय, सर?"

"कुणी नाही पडलं," हर्षिता म्हणाली. तिच्या पायात बूट नव्हते. घरी जाऊन तिनं आईची चप्पल घातली होती. "काका, माझ्या सायकललाही साधी पेडलं बसवा. बाबांना इतकी माणसं हाक मारतात, मला माहीतच नव्हतं. मी आपली दर वेळी पुढंच निघून जाते."

सर पाठ फिरवून चष्मा पुसत राहिले. मडिवाळप्पानं पाना उचलला, पेडलं बसवली आणि नेमाप्रमाणे आधी स्वतः फेरी मारायला निघाला.