सोन्याच्या गावात फोन नसतो

दिवसभर खोटं वागायचा पगार मिळतो, अशा ठिकाणी किस्से साचायला कितीसा वेळ लागणार! मी सांगलीचा. व्हँकुव्हरच्या कॉलेजात टुरिझम शिकलो आणि दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात डोंगरातल्या एका गावात लोहार झालो. दीडशे वर्षांपूर्वी तिथे सोनं सापडलं होतं. आता ते गाव टुरिस्टांसाठी जसंच्या तसं पुन्हा उभं केलंय. आम्ही त्या काळचे कपडे घालायचे, त्या काळचं बोलायचं. मोबाइल लॉकरमध्ये! मॅनेजर डोरोथीबाई रोज बजावायची, "कॅरेक्टर सोडायचं नाही!" सीझन संपताना एकालाच पक्की नोकरी मिळणार होती. ती मिळाली तर माझं पीआरचं, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवानगीचं, काम मार्गी लागणार. जीव नुसता टांगणीला!

* * *

पहिल्याच दिवशी एक गृहस्थ कडेवर पोरगं घेऊन धावत आले. "वॉशरूम कुठंय?"

मी हातोडा खाली ठेवून गंभीरपणे म्हणालो, "हा शब्द आमच्या गावात कुणी ऐकलेला नाही, साहेब."

डोरोथीबाई लांबून किंचाळली, "अरे, इमर्जन्सी आहे! इतिहास नंतर!"

पण तोवर पोराने काम उरकलं होतं.

* * *

गॅरीकाका आमचे जज्ज. रिटायर्ड शाळामास्तर, दुपारी टुरिस्टांसमोर लुटुपुटूचा खटला चालवायचे. कॅरेक्टर सोडणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एकदा विग डोक्यावर ठेवूनच घरी निघाले आणि स्पीडिंगमध्ये सापडले. काच खाली करून पोलिसाला म्हणाले, "खटला फेटाळला!"

पोलिसाने कमरेत वाकून दंडाचं तिकीट दिलं. "माय लॉर्ड, वरच्या कोर्टात अपील करा!"

* * *

आमच्याकडे परातीत वाळू धुऊन सोन्याचे कण शोधता येतात. ते कण सकाळी आम्हीच टाकायचो. टोरोंटोचे एक सॉफ्टवेअरवाले, मूळ पुण्याचे, बराच वेळ पाण्यात हात घालून बसले. मग मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाले, "हे तुम्हीच टाकता ना? मग टाकायच्या आधीच देऊन टाका की! दोघांचाही वेळ वाचेल."

* * *

त्यांच्या मिसेस माझ्याकडे निरखून बघत होत्या. "अहो, हा आपल्याकडचा वाटतो."

"छे! मेक्सिकन असेल."

मी काही न समजल्यासारखा परात हलवत राहिलो. काकूंनी पर्समधून चकली काढून माझ्या हातावर ठेवली. मी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, हा कोणता परदेशी पदार्थ?" आणि एक तुकडा तोंडात टाकला. वर्षभरात चकली बघितली नव्हती हो! तोंडातून निघूनच गेलं, "काकू, अजून एक द्या ना!"

नेमकी डोरोथीबाई मागे उभी. म्हणाली, "पुन्हा कॅरेक्टर सोडलंस तर पक्की नोकरी विसर."

* * *

आणि त्याच आठवड्यात आई आली! व्हँकुव्हरला मावशीकडे उतरली होती, मावशीने तिला टूरच्या बसमध्ये बसवून दिलं. गेटवरच मी हात जोडले, "आई, आत ओळख दाखवू नकोस. नोकरी जाईल."

"फोन तर करत नाहीसच, आता ओळखही नको?" ती फणकारली आणि आत गेली.

दुपारच्या खटल्यात घोडाचोर मीच. आई पहिल्या बाकावर, साडीवर स्वेटर, पायात स्नीकर्स. मागे डोरोथीबाई. आणि गॅरीकाकांना साक्षीला नेमकी सापडली कोण? आई!

"या चोराला ओळखता?"

"नाही. कधी बघितलाच नाही," आईने तिच्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं. हुश्श!

"मग त्याच्याकडे एवढ्या रागाने का बघताय?"

"त्याची कुठेतरी आई असेलच ना? तिला हा फोन करत नाही."

कोर्टात हशा. गॅरीकाकांनी विग सावरला. "फोन? फोन म्हणजे काय, मॅडम?"

आईला त्यांची अगदी कीव आली. "अरेरे! म्हणजे तुमचीही आई वाट बघत असणार."

 गॅरीकाकांनी हातोडा आपटला, "कोर्ट तहकूब!" विग टेबलावर टाकून ते लॉकरकडे सुटले. काय झालं म्हणून मी मागोमाग पळालो. बघतो तर डोरोथीबाई आमच्याही आधी तिथे पोचलेली, फोन कानाला. "हाय, मॉम..."

मला बघून तिने फोनवर हात ठेवला. "तू कॅरेक्टर सोडलं नाहीस. नोकरी तुझी! आता आधी आईला फोन कर."

लावला. कोर्टाच्या उघड्या खिडकीतून रिंग ऐकू आली.

"आई! नोकरी मिळाली!"

"कोण बोलतंय?" आई म्हणाली. "मी तुम्हाला ओळखत नाही."