जमादाराचं काम

केदारखेड्यात सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, गावकरीच नाटक बसवतात. मी नववीत असताना त्यातल्या मुलीचं काम माझ्याकडे आलं. गोष्ट निजामाच्या राजवटीतली. मुलगी भाकरीच्या टोपल्यात पत्रकं लपवून नेते. पोलीस जमादार तिला अडवतो, टोपलं लाथाडतो, आणि ती त्याच्या थोबाडीत मारते.

जमादार व्हायला कोणी तयार नव्हतं. आमच्या गावात नाटकात जे काम केलं त्याच नावानं पुढे हाक मारतात. शेवटी माझे वडील, नाना, उभे राहिले. आदल्या वर्षी आई गेली होती. तेव्हापासून ते पारावर जात नव्हते. घरात आम्ही दोघंच, आणि बोलणं कामापुरतं.

तालमीत माझा हात उठेना. नाटक बसवणारे मास्तर वैतागले. "अगं, बाप न्हाई तो, जमादार हाय!"

मी हवेत हात फिरवायचे, नाना मान झटकायचे आणि सगळे हसायचे. घरी नाना एवढंच म्हणाले, "माय, खोटं मारू नको. बराबर मार."

नाटकात मी मारली. मग बायकांच्या बाजूनं आवाज आला, "हाण मेल्याला अजून!" पोरांनी 'वन्स मोअर' सुरू केला. आमच्याकडे वन्स मोअर आला की द्यावाच लागतो. मेलेला माणूससुद्धा उठून पुन्हा मरतो. नानांनी गाल पुढे केला. असं तीन वेळा झालं. तिसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लोकांना तो अभिनय वाटला.

घरी जाताना ते दोन पावलं पुढे चालत होते. रंगवलेली मिशी गालभर पसरली होती. लागलं का, एवढंच विचारायचं होतं. विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते जमादार झाले. "काय जमादार, पोरीनं जेवू घातलं का?" असं विचारत लोक थांबायचे. हळूहळू नाना पुन्हा पारावर बसू लागले.

आता मी जालन्यात वर्तमानपत्रात काम करते, एकटी राहते. नाना गावात एकटे. आठवड्याला एक फोन, तोही कामापुरता. दर सप्टेंबरला नाटक होणार असल्याची बातमी तालुक्याहून येते आणि मी ती चार ओळींत बसवते. यंदा बसवली आणि फोन लावला.

"औंदा जमादार कोण?"

"मीच. दुसरं कोण होतंय?"

"अन् पोरगी?"

"शेजारच्यांची नात. हात लई हलका तिचा. वन्स मोअरच येत न्हाई."

"नाना, तवा लागल्तं का?"

पलीकडे टीव्ही चालू होता. त्यांनी तो बंद केला.

"लागल्तं ना. पण तुझी आई गेल्यापासून माझ्या अंगाला कोणी हात लावला नव्हता, माय."

मी बातमीतली वेळ पुन्हा तपासली, पान छपाईला सोडलं आणि सतरा तारखेची रजा टाकली.