अंतरपाट एकदाच दूर होतो

वधूच्या आजोबांनी लग्नात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरच बसले पाहिजे, असा कोणताही कायदा अस्तित्वात नाही. तशी रूढी आहे, असे माझ्या मुलाचे म्हणणे होते. मी त्याला सांगितले की रूढी सिद्ध करावी लागते. ती जुनी, अखंड आणि वाजवी असावी लागते. आणि आमच्या घराण्यात तशी एखादी रूढी असेलच, तर ती उलट आहे. जबलपुरातल्या आमच्या नात्यागोत्यातल्या प्रत्येक लग्नात अंतरपाटाच्या डाव्या अंगाला कॅमेरा घेऊन मी उभा असतो.

छायाचित्रण हा माझा व्यवसाय कधीच नव्हता. खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत मी आस्थापना विभागात नोकरी केली, आणि खातेनिहाय चौकशीत सापडलेल्या कामगारांचा बचाव सहायक म्हणून उभा राहिलो. आरोपपत्रांना उत्तरे लिहिता लिहिता आयुष्य गेले. कॅमेरा हा त्यातला माझा रविवार होता. पण आमच्या माणसांना माझी गरज का पडली, हे सांगितले पाहिजे. या शहरातले छायाचित्रकार जयमालेत तरबेज आहेत. जयमाला थांबते. वधू हार उंच धरून उभी राहते, छायाचित्रकार “इधर देखिए भाभीजी” म्हणतो, मग हार पडतो. अंतरपाट कोणासाठी थांबत नाही. शेवटचे मंगलाष्टक संपते, कापड सरकते, अक्षता उडतात, आणि दोन माणसे एकमेकांकडे पाहतात. हे सारे एका श्वासात होते. तो श्वास मी आजवर कधी चुकवला नव्हता.

मग माझे हात थरथरू लागले. डॉक्टरांच्या मते काळजीचे कारण नाही, वय आहे. परंतु चहाची बशी वाजते, आणि ती वाजलेली घरात सर्वांना ऐकू येते. नातीचे लग्न ठरले, त्या आठवड्यात मुलाने एका स्टुडिओशी करार करून टाकला. करारात कलम होते की मंचावर दुसरा कॅमेरा असणार नाही. मला हे जेवताना कळले.

“बाबा, तुम्ही आता आरामात बसा ना. ड्रोन आहे, क्रेन आहे, पूरी टीम येऊन राहिली.”

“हा निर्णय कोणी दिला?”

“सगळ्यांनी मिळून.”

“माझे म्हणणे कोणी ऐकले?”

त्यावर सौभाग्यवतींनी भाजीचे पातेले माझ्यापुढे सरकवले. “अहो, काहून त्याच्या मागे लागून राहिले तुम्ही? खा आधी.”

मी खाल्ले. पण ज्याच्याविरुद्ध निर्णय द्यायचा त्याचे म्हणणे आधी ऐकावे, हे तत्त्व मी ज्यांच्यासाठी आयुष्यभर मांडले ते खराद म्हणजे लेथ चालवणारे, पॅकिंग करणारे कामगार होते. त्यांना जे मिळाले ते मला माझ्या घरात मिळू नये, हे मला मान्य नव्हते. थरथरत्या हाताचा माणूस कॅमेरा धरू शकत नाही, हा माझ्यावरचा आरोप होता. आरोपाला पुराव्याने उत्तर द्यायचे असते. मी सदर बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो.

दुकानदार तरुण आणि सभ्य होता. “अंकलजी, पोते के लिए देख रहे हैं?”

“अपने लिए.”

“तो फिर छोटा वाला दिखाऊँ? हल्का है, ऑटोमैटिक है.”

“जो सबसे भारी काम करता हो, वह दिखाइए.”

त्याने जो काढला तो ‘मिररलेस’, म्हणजे आत आरसा नसलेला, व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी नव्याने आलेला कॅमेरा होता. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही करणारा, दोन कार्डे घेणारा, धूळ आणि शिंतोड्यांपासून जपलेला. दुकानदार त्याच्या व्हिडिओचे गुण गाऊ लागला, तेव्हा मी त्याला थांबवून एकच गोष्ट विचारली : हाताच्या कंपाचे हा काय करतो? त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि पडद्यावर समोरच्या दुकानाची पाटी आणायला सांगितले. पाटी नाचत होती. मग त्याने यंत्रणा सुरू केली. आतला सेन्सर जणू तरंगत ठेवलेला असतो. हात डावीकडे गेला की तो उजवीकडे जातो, हात खाली गेला की वर. पाटी थांबली. माझे हात थांबले नव्हते. सदरच्या त्या गर्दीत, मागे एक बाई स्कूटरच्या हॉर्नवर चिडलेली असताना, मी ती थांबलेली पाटी बराच वेळ पाहत उभा राहिलो.

मी तो विकत घेतला आणि पुढचे दिवस त्याची माहितीपुस्तिका वाचण्यात घालवले. अधिनियम वाचावा तशी वाचली : आधी व्याख्या, मग तरतुदी, आणि सर्वांत काळजीपूर्वक परंतुके. कोणतीही कंपनी गुण मोठ्या अक्षरांत आणि अपवाद बारीक अक्षरांत छापते. कंपरोधक यंत्रणा फक्त माझ्या हालण्याला उत्तर देते, समोरच्याच्या हालण्याला नाही, हे बारीक अक्षरांत होते. व्हिडिओ सलग चालवला तर कॅमेरा तापून आपण होऊन बंद पडू शकतो, हेही तिथेच. व्हिडिओचा विचार मी त्याच क्षणी सोडला. मला चित्रपट नको होता, मला एक श्वास हवा होता.

कॅमेरा माणसाचा डोळा ओळखतो आणि त्यावर नजर खिळवून ठेवतो. एखाद्या चेहऱ्याची नोंद करून ठेवली, तर गर्दीत त्यालाच प्राधान्य देतो. मी नातीच्या चेहऱ्याची नोंद केली. पण ज्यांनी हे बनवले, त्यांनी मुंडावळ्या पाहिल्या नसणार, अशी मला शंका होती. म्हणून एका दुपारी मी कपाटातल्या जुन्या मुंडावळ्या काढल्या आणि सौभाग्यवतींना खिडकीजवळ बसायला सांगितले.

“या वयात मला नवरी करून राहिले का?”

“चाचणी आहे. मान थोडी हलवा.”

“अच्छा, आता चाचणी! लग्नात एक फोटो नाही काढला माझा.”

“लग्नात मी नवरदेव होतो.”

“बहाणा आहे,” असे म्हणून त्यांनी मान हलवली. माझी शंका खरी ठरली. मोत्यांच्या सरी गालांवरून झुलत होत्या आणि कॅमेऱ्याची चौकट डोळा सोडून मोत्यांवर उड्या मारत होती. डोळा शोधण्याचा भाग लहान केला आणि एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाण्याची घाई कमी केली, तेव्हा चौकट स्थिर झाली. सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत हसत होत्या, आणि त्यांच्या पापणीचा केस न केस मला पडद्यावर वेगळा दिसत होता.

त्याहून महत्त्वाचा गुण मला शेवटी सापडला. बटण अर्धे दाबून ठेवले की कॅमेरा आतल्या आत चित्रे घेत आणि पुसत राहतो. पूर्ण दाबल्यावर, दाबण्याच्या किंचित आधीची चित्रेही तो जतन करतो. बोट उशिरा पडले तरी क्षण हुकत नाही. प्रथम मला हे फसवणुकीसारखे वाटले. मग आठवले की मुदतीनंतर केलेली कामगारांची अपिले मी किती वेळा, विलंबास सबळ कारण होते असे सांगून, दाखल करून घ्यायला लावली होती. वय हे सबळ कारण नसेल, तर दुसरे कोणते आहे?

स्टुडिओला मी रीतसर पत्र लिहिले. करार माझ्या मुलाने केला आहे, मी त्यात पक्षकार नाही, सबब त्यातील कलम माझ्यावर बंधनकारक नाही. तथापि आपल्या कामात अडथळा येऊ नये म्हणून मी मंचाच्या डाव्या कडेला उभा राहीन, फ्लॅश वापरणार नाही, आवाज करणार नाही. उत्तर मला आले नाही. मुलाला फोन आला : “भाईसाहब, अंकलजी को समझाइए.” मुलाने समजावले. मी समजलो नाही.

लग्न शहरातल्या एका हॉलमध्ये झाले. नवरदेवाकडची मंडळी हिंदी भाषिक, मोकळी आणि प्रेमळ. लग्न आमच्या पद्धतीने आणि संध्याकाळी स्वागत त्यांच्या पद्धतीने, असे ठरले होते. मंचावर एलईडी दिव्यांच्या भिंतीच उभ्या केल्या होत्या. मंगलाष्टके सुरू झाली तसा मी सोफ्यावरून उठलो. मुलाने दुरून हाताने ‘बसा’ अशी खूण केली. ती मी पाहिली, आणि पायऱ्या चढून माझ्या जागी जाऊन उभा राहिलो.

आवाज करणार नाही असे लेखी दिले होते, म्हणून शटर निःशब्द ठेवले होते. आधीची चित्रे जतन करण्याची सोयही शटर निःशब्द असतानाच चालत होती. स्टुडिओच्या मुख्य व्हिडिओवाल्याची मात्र वेगळी समजूत होती. आपण इशारा करू, मग पंडितजी पर्दा हटवतील, या भरवशावर तो क्रेन चालवणाऱ्या मुलाशी बोलत होता. शेवटचे ‘सावधान’ झाले. गुरुजींनी कापड सरकवले. अक्षता उडाल्या. मी बटण दाबले, आणि दाबताना मला कळले की बोट मागे पडले आहे.

“रुकिए, रुकिए पंडितजी! मिला नहीं. एक बार फिर से पर्दा लगाइए.”

मी आयुष्यात पुष्कळ अधिकाऱ्यांपुढे बोललो आहे, पण मंगल कार्यात आवाज चढवला तो त्या दिवशी पहिल्यांदा. “वह पर्दा नहीं है, अंतरपाट है. एक बार हट गया तो हट गया. मुहूर्त दुबारा नहीं आता.”

“अंकलजी, दो मिनट का काम है.”

गुरुजी तरुण होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग व्हिडिओवाल्याकडे. “काका, विधी तर झाला आहे. हे नुसतं शूटिंगसाठी.”

“झालेला विधी शूटिंगसाठी पुन्हा करता येत असेल, तर पहिला विधी नेमका कशासाठी होता?”

मुलगा वर आला, माझ्या कोपराला धरून हळूच म्हणाला, “बाबा, चलो, होऊन जाऊ द्या ना. लोक पाहून राहिले.” लोक पाहत होते हे खरे. आणि नात, हार हातात धरून, आम्हा दोघांच्या मधोमध पाहत होती. मी मागे सरलो. अंतरपाट पुन्हा धरला गेला. पुन्हा ‘सावधान’ म्हटले गेले, वाजंत्री पुन्हा वाजली. अक्षता संपल्या होत्या म्हणून लोकांनी फुलांच्या पाकळ्या टाकल्या, आणि सांगितल्याबरोबर नात हसली. नवरदेवाचे काका टाळ्या वाजवत मला म्हणाले, “बड़ा अच्छा है जी, आपके यहाँ दो बार होता है!” त्या सज्जन माणसावर रागावणे शक्य नव्हते. बाकीच्या सर्वांवर मी रागावलो होतो.

घरी येऊन मी चित्रे पाहिली. आधीच्या क्षणाची होती, सगळी होती. बोटाचा उशीर कॅमेऱ्याने माफ केला होता. एकात अक्षता हवेत थांबल्या आहेत, नवरदेवाने डोके किंचित चुकवले आहे, आणि नात मुंडावळ्यांमधून त्याच्याकडे पाहते आहे. ती हसत नाही. तोंड जरासे उघडे आहे, जशी एखादी हाक ऐकून माणूस वळतो. परंतु सबंध चित्रावर आडवे फिकट आणि गडद पट्टे होते. निःशब्द शटर आणि एलईडी दिव्यांची लुकलुक यांचे जमत नाही, असे पुस्तिकेत लिहिले होते. ते परंतुक मी वाचले होते; घरातल्या खिडकीच्या उजेडाला ते लागू नव्हते, म्हणून मागे राहून गेले.

अल्बमचा नमुना आला, तेव्हा मधली दोन पाने भरून दुसरा अंतरपाट होता. मी स्टुडिओला लिहिले की ज्या घटनेचे हे चित्र म्हणून दाखवले आहे, ती घटना या चित्रात घडलेली नाही. माझे चित्र सोबत जोडले. या वेळी त्यांचा माणूस स्वतः चेरीतालला आमच्या घरी आला, नेमका नात माहेरी आली होती त्या दिवशी. टीव्हीच्या पडद्यावर त्याने माझे चित्र पाहिले.

“अंकलजी, मोमेंट तो आपने ही पकड़ा है. पट्टियाँ मैं सॉफ्टवेयर से हटा दूँगा. थोड़ी स्माइल भी आ जाएगी.”

“इस फोटो का कर्ता मैं हूँ. इसमें कोई फेरबदल मेरी अनुमति के बिना नहीं होगा, और अनुमति मैं नहीं दे रहा.”

“पट्टियों के साथ कौन लगाता है, अंकलजी?”

मी उत्तर देणार होतो. माझ्याजवळ उत्तर तयार होते. पण नात पडद्याजवळ गेली होती आणि स्वतःकडेच पाहत होती.

“आजोबा, ही मी आहे?”

“तूच आहेस.”

“मला वाटलं, मी तेव्हा कुछ सोच ही नहीं रही थी.” मग ती त्या माणसाकडे वळली. “भैया, वो बीच के दोनों पन्ने निकाल दीजिए. ही लावा. जैसी है, वैसी.”

“दीदी, फिर बाद में हमें मत बोलना.”

“आपको बोलेंगे ही नहीं. आजोबांना बोलू.”

तो माणूस गेला. सौभाग्यवती चहा ठेवायला उठल्या. मुलाने लग्नानंतर माझी चित्रे पाहायचे टाळले होते, हे मला ठाऊक होते. आता त्याने रिमोट घेतला आणि चित्र मोठे केले. पट्टे रुंद झाले. आणखी मोठे केले. मोत्यांची सर आली, तिच्यामागे गाल, मग डोळा. तो काय शोधत होता ते मला समजत होते : कुठेतरी एक रेघ दुहेरी व्हायला हवी होती, एखादी कड पुसट. त्याने डोळा सबंध पडदाभर केला. पापणीचा एकेक केस वेगळा होता.

“स्टँड लावला होता का, बाबा?”

“नाही,” मी म्हणालो. “हात होते.”