पिंपळाखालचं घर

बामणोलीच्या धक्क्यावर लाइफ जॅकेटनं माझी पहिली लाज काढली. पट्टा पोटावरून पुढे येईना. लाँचवाल्यानं गुडघा टेकवून ओढला, तरी बक्कल लागेना. माझी बायको सुमन आधीच पुढच्या फळीवर जाऊन बसली होती आणि हसून हसून बेजार झाली होती. आम्ही पलूसचे, ऊस-द्राक्षांतले. आमचं पाणी पाटातलं नाहीतर ठिबकचं. एवढं सगळं एका जागी मी जन्मात पहिल्यांदाच बघत होतो.

सुमनचा जन्म मात्र याच पाण्याखालच्या गावातला. कोयनेचं धरण झालं तेव्हा ती आईच्या मांडीवर होती. थोडी घरं वर डोंगरावर चढली, बाकीची आमच्या सांगलीकडे आली. तिच्या माणसांपैकी माघारी कुणीच फिरकलं नाही. यंदा चैत्रात तिथं जत्रा आहे असं कळलं आणि तिनं हट्टच धरला. कासच्या घाटात मात्र तिनं माझी बाही ओढली. म्हणाली, "अहो, आमचं पिंपळाखालचं घर तिथं कुणाच्या ध्यानातच नसलं तर?" मी चेष्टा करणार होतो, पण तिचा चेहरा बघून पाण्याची बाटली तिच्यापुढे केली.

लाँच सावकाश चालली होती. दोन्हीकडे डोंगर आणि काठाला लाल माती. सुमन करवंदं खात बिया पाण्यात टाकत होती. मध्येच इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मी फळीला मिठी मारली.

"घाबरू नका पाव्हणं, वाईच कचरा आडाकलाय," लाँचवाला म्हणाला. तो कचरा काढीपर्यंत मला जेवढे देव आठवले तेवढे मी आठवून घेतले. सुमन पाण्यात हात घालून मजेत बसली होती.

जत्रेत मुंबईहून आलेल्यांचीच गर्दी जास्त. पाळणे, गोडीशेव, पिपाण्या. एका मांडवात कुणी नाव-गाव न विचारता आम्हाला पंगतीत बसवलं. नाचणीची भाकरी आणि असा झणझणीत रस्सा, की मी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि सुमननं मला चिमटा काढला.

दुपार कलल्यावर पालखी देवळातून निघाली ती थेट पाण्याकडे. काठावर ढोल थांबले. गुरव (देवाचा पुजारी) बुडालेल्या घरांची नावं पुकारतो आणि प्रत्येक घराचा नारळ फुटतो, अशी इथली रीत. सुमननं माझा दंड घट्ट धरला होता. नावं सरत आली तरी तिच्या घराचं निघेना.

"पिंपळाखालचं घर!" गुरवानं पुकारलं.

सुमननं माझा दंड सोडला. तेवढ्यात एक म्हातारी नारळ घेऊन पुढे झाली.

"आवं, थांबा! त्ये घर आमचं हाय!" सुमन एवढ्या मोठ्यानं ओरडली, की पालखीचे भोईसुद्धा वळले.

म्हातारीनं तिला निरखून पाहिलं. "यमुनेची व्हय गं तू? मांडीवरची?" तिनं नारळ सुमनच्या हातात ठेवला. "दरसाली तुमचा नारळ म्याच फोडते. शेजार हाय न्हवं आपला! आज तुजा तू फोड."

सुमन हमसून रडली. मीही रडलो, उगाच खोटं कशाला बोलू? मग म्हातारीनं समोरच्या टेकडीखालच्या पाण्याकडे बोट करून घर कुठं होतं ते दाखवलं.

परतताना सुमननं तिथंच लाँच थांबवायला लावली. पाणी अगदी शांत होतं. एवढी वर्षं मी या गावाला बुडालेलं गाव म्हणत होतो. पण तिथल्या माणसांनी एकही घर बुडू दिलं नव्हतं. मी खाली वाकून पायांतल्या चपला काढल्या आणि बाजूला नीट ठेवल्या.

लाँचवाला दचकला. "आवं पाव्हणं, पाण्यात उतरताय का काय?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं, "सासुरवाडी आली."